बूट एका रात्रीत वाळवायचे कसे? (पन्हाळा-पावनखिंड) लवकर सांगा

ढगफुटी_पुणे · संध्या. ७:१०
मुक्कामाला पोचलोय. सकाळी पन्हाळा सोडल्यापासून पाऊस थांबलेलाच नाही. मसाई पठारावर पुढच्याची सॅक दिसेना एवढं धुकं. बुटांत पाणी, पाय पांढरेफटक, सुरकुतलेले. उद्या ६ ला निघायचंय. बूट वाळवायचे कसे? हेअर ड्रायर वगैरे सांगू नका, लाईट नाही. रेंज फक्त शाळेच्या मागे येते, छत्री धरून टाइप करतोय. मुद्द्याचं सांगा.

कडेलोट · ७:१६
कुठल्या गावात आहात? मांडलाईवाडी, करपेवाडी की आणखी पुढे? बूट चामड्याचे, जाळीचे की आत वॉटरप्रूफ अस्तर असलेले? आणि संस्थेबरोबर आहात की आपापले?

माईसाहेब · ७:१८
वर्तमानपत्राचे बोळे करून आत कोंबा. आतली गादी काढा, नाड्या पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा. तासाभराने कागद बदला. एकदाच कोंबून झोपलात तर सकाळी ओला कागद आणि ओला बूट, दोन्ही मिळतील.

ढगफुटी_पुणे · ७:२५
करपेवाडी. बूट भारीतले आहेत, तो प्रश्न नाही. वर्तमानपत्र कुठून आणू इथे?

माईसाहेब · ७:२६
ज्या घरी उतरलात त्यांना विचारा. नाहीतर कोरडा टॉवेल किंवा शर्ट कोंबा. तोंड आहे ना?

शाहूवाडीचा_गडी · ७:३१
भावा काय टेन्शन घेऊ नको. घरात चूल पेटलेली असणार की. चुलीच्या वर तारंला टांग, सकाळपर्यंत कडक. आमच्यात पावसाळ्यात सगळी कापडं तशीच वाळत्यात.

कडेलोट · ७:३४
अजिबात नको! कापडं वेगळी, बूट वेगळे. ट्रेकिंगच्या बुटाचा सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. आचेने डिंक सुटतो, चामडं असेल तर आकसून तडकतं. चुलीपासून हात-दोन हात लांब, जिथे तळहाताला नुसतं कोमट लागेल, तेवढंच. आणि बूट कुठले ते अजून सांगितलेलं नाही.

शाहूवाडीचा_गडी · ७:३७
आमचं कधी काय सुटलं नाही.

कडेलोट · ७:३८
कारण तुम्ही घालता ते एकसंध ओतलेले प्लास्टिकचे. त्यांना डिंकच नसतो.

शाहूवाडीचा_गडी · ७:३९
मग तेच घ्या की तुम्ही पण. दोन हजारांत दहा जोड येतील.

क्लाइडकाठचा_मराठी · ७:४६
ग्लासगोहून लिहितोय. इकडे वेस्ट हायलँड वे म्हणून १५४ किलोमीटरची पायवाट आहे, फोर्ट विल्यमपर्यंत जाते. पाऊस म्हणाल तर आपल्या आंबा घाटाइतका जोरकस नाही, पण चिवट. वाटेवरच्या बऱ्याच हॉस्टेलांत बूट-कपडे वाळवायला वेगळी गरम खोली असते, रात्री टांगायचं, सकाळी घालायचं. आपल्याकडे मुक्कामाच्या गावांत असं काही का करत नाहीत?

माईसाहेब · ७:४८
अहो त्याला आज रात्री बूट वाळवायचेत. करपेवाडीत खोली बांधून होईपर्यंत पावसाळा सरेल.

गवतीचहा · ७:५२
माझं मत विचाराल तर बूट वाळवायचा नादच सोडा. सकाळी निघाल्यावर पहिल्याच भातखाचराच्या बांधावरून घसरून पाय चिखलात जाणार, पुढे ओढे आहेतच. कोरड्या बुटाचं सुख फार तर दहा मिनिटं टिकेल. कोरडे ठेवायचे ते पाय, आणि तेही रात्री. एक मोज्यांचा जोड फक्त झोपायला ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच मोजे पिळून चढवायचे. कोरडा जोड मोहापायी सकाळी घातलात तर पुढच्या मुक्कामाला काही उरत नाही.

कडेलोट · ७:५५
+१. म्हणूनच पावसाळ्यात जाळीचे बूट. पाणी आत येतं तसं बाहेर जातं. वॉटरप्रूफ अस्तरात वरून, घोट्याकडून शिरलेलं पाणी अडकून बसतं.

ट्रेकराजे · ७:५८
चूक. चांगले वॉटरप्रूफ बूट आणि वर गेटर (घोट्या-नडगीवरचं आवरण) बांधले की पाणी शिरतच नाही. लोक स्वस्तातलं घेतात आणि वॉटरप्रूफला नावं ठेवतात.

कडेलोट · ८:००
गुडघाभर ओढ्यात गेटर काय करणार, राजे?

ट्रेकराजे · ८:०१
ओढा बघून ओलांडायचा असतो.

डॉ_चिखल्या · ८:०६
बुटांचं चालू द्या. मला पायांबद्दल सांगा. बोटांच्या बेचक्यांत आग होते का? कातडी सुटलीय का? दिवसभर ओल्यात राहून कातडी मऊ पडते, मग घासून फाटते आणि चिखल्या होतात. आत्ता साध्या पाण्याने धुऊन बेचक्या नीट कोरड्या करा, कोरड्या मोज्यांत झोपा. बुरशीवरची पावडर असेल तर रात्री. सकाळी निघताना टाच, बोटं आणि जिथे जिथे काचतंय तिथे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. मांड्यांनाही. लाजू नका, दुसऱ्या दिवशी निम्मे लोक मांड्या काचल्यामुळे फेंगडे चालतात.

ढगफुटी_पुणे · ८:१९
पाय ठीक आहेत, थोडी आग होतेय. बूट चुलीपाशी ठेवले होते अर्धा तास. आता सोल पुढून जरा उघडा दिसतोय. तसा म्हाळुंग्याच्या उतारावरच वाटत होता, चुलीमुळे नाही.

कडेलोट · ८:२०
हे पहिल्या ओळीत का नाही सांगितलं??? जरा म्हणजे किती?

ढगफुटी_पुणे · ८:२७
उजव्याचा चवड्यापर्यंत. डाव्याचा सुरुवात आहे. मी बूट वाळवायचं विचारलंय, सोलचं बघून घेईन.

गवतीचहा · ८:२९
बूट किती जुने?

ढगफुटी_पुणे · ८:३३
जुने नाहीत. लॉकडाऊनच्या आधी लेहला जाताना घेतलेले, मग खोक्यातच होते. जवळपास नवेच.

गवतीचहा · ८:३९
मग तेच. बऱ्याच बुटांत सोलच्या वरचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन तो आतून ठिसूळ होतो, बूट वापरले नाहीत तरी. उलट खोक्यात बंद राहिलेले जास्त दगा देतात. वरून नवे दिसतात आणि पहिल्या मोठ्या चालीत सोल टाकतात. कडेला नख रुतवून पाहा. भुगा पडला तर डावाही उद्या जाणार आणि कुठलाही डिंक धरणार नाही, कारण चिकटायला खाली काही उरलेलं नसतं.

शाहूवाडीचा_गडी · ८:४१
सायकलची जुनी ट्यूब माग कुणाकडं तरी. दोन बोटं रुंद पट्ट्या काप. एक चवड्यावर, एक कमानीखालनं वर घोट्याला ताणून बांध. चिखलात सुतळी तुटती, ट्यूब तुटत न्हाई. डाव्याला पण आत्ताच बांध, सुटायची वाट बघू नको.

माईसाहेब · ८:४३
हे मात्र अगदी बरोबर सांगितलंत.

भगवाझेंडा · ८:४७
१३ जुलै १६६० ला बाजीप्रभू आणि बांदल सेना याच वाटेने रात्रभर पावसात धावली. त्यांनी कुठे विचारलं होतं बूट कसे वाळवायचे? लाज वाटली पाहिजे.

डॉ_चिखल्या · ८:५०
बांदलांचे मावळे डोंगरातच वाढले, तळपाय तसे घडलेले होते. ह्या गृहस्थांचे तळपाय मगरपट्ट्यात घडलेत. तुलना नको.

ट्रेकराजे · ८:५२
शिवाय रात्र १२ जुलैची, आषाढ पौर्णिमा. लढाई १३ ला. तारखेप्रमाणे जाणारे आणि तिथीप्रमाणे जाणारे दोघंही आपणच खरे म्हणतात.

भगवाझेंडा · ८:५५
तिथीच खरी. आणि सध्या दाखवतात तीच घोडखिंड (पावनखिंडीचं जुनं नाव) का, यावरही बोलायला हवं. गजापूरचा उल्लेख पाहता

संपादक_मंडळ · ८:५८
खिंडीच्या जागेसाठी वेगळा धागा काढावा. इथे फक्त मदत.

कडेलोट · ९:०३
ढगफुटी, आता खरा प्रश्न. उद्याच्या टप्प्यात जंगल आहे, घसरडं आहे, ओढे आहेत. लोंबणारा सोल पाण्याखाली दगडात अडकला तर माणूस तोंडावर पडतो. सोबत कोण आहे? ट्यूब मिळाली नाही तर करपेवाडीपर्यंत गाडीरस्ता आहे, तिथून मलकापूर गाठता येईल. पावनखिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

ढगफुटी_पुणे · ९:१४
चौघं आहोत, त्यात काका ६३ वर्षांचे. ते साध्या कॅनव्हासच्या बुटांत आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही. परत जाणार नाही. घरमालकांनी ट्यूब दिली, त्यांच्याकडे पंक्चर झालेल्या दोन पडल्या होत्या. भुगा पडतोय खरा.

गवतीचहा · ९:१७
बांधा आणि पट्टीची गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा, आत आली तर दुसऱ्या पायाला घासते. ओढ्याला पाणी गढूळ आणि चढतं दिसलं तर थांबा. सह्याद्रीतला ओढा पाऊस उघडला की तासा-दोन तासांत उतरतो, थांबायला लाज नाही. ओढ्यात उतरताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. बूट काढून अनवाणी ओलांडू नका.

क्लाइडकाठचा_मराठी · ९:२१
जळवांचं काय? इकडे पायवाटेवर जळवा चिकटत नाहीत, पण मिज नावाचे बारीक चावरे किडे आहेत, ते परवडत नाहीत.

शाहूवाडीचा_गडी · ९:२४
तंबाखू भिजवून ते पाणी मोज्यांवर मारायचं. चिकटली तर मीठ. ओढून काढू नका.

डॉ_चिखल्या · ९:२८
मीठ टाकलं की ती सुटताना पोटातलं जखमेत ओकते असं म्हणतात. नखाने कडेकडेने तोंड सोडवा. नंतर रक्त वाहत राहिलं तर घाबरू नका. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं, दाबून धरा.

शाहूवाडीचा_गडी · ९:३०
डॉक्टर, चालताना पन्नास चिकटल्यावर कडेकडेनं कोण सोडवत बसतंय.

ढगफुटी_पुणे · दुसऱ्या दिवशी, संध्या. ५:४०
पांढरपाण्याला चहा घेतोय. उजव्या बुटाचा सोल एका ओढ्यात गेला, पट्टीसकट नाही, पट्टीखालून सरकून. पुढे वरच्या कापडावर ट्यूब दुहेरी बांधून आलो. डावा टिकला. काकांनी मला दोनदा हात दिला, उलटं व्हायला हवं होतं. बोटांच्या मधे कातडी गेलीय, पावडर मारली. आता कोल्हापूरला जायला इथून काय मिळेल? लवकर सांगा, अंधार होतोय.

शाहूवाडीचा_गडी · ५:४८
मलकापूरपर्यंत वडापची जीप बघ. तिथनं रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याला एसटी मिळंल. आणि मलकापुरात चप्पल घे आधी.

नवखा_भटक्या · ६:०५
छान माहिती! पन्हाळ्यावर रात्री कार ठेवली तर चालते का? आणि तांबडा-पांढरा कुठला चांगला?

माईसाहेब · ६:०९
रस्सा कोल्हापुरात खा. गाडीचं नवीन धाग्यात विचारा.