मदत हवी आहे: वडिलांच्या प्रोस्टेट ऑपरेशनची तारीख सारखी पुढे ढकलली जातेय

नमस्कार मंडळी. वडील सत्तरीचे आहेत. लघवी अडकल्यामुळे त्यांना कॅथेटर (लघवीची नळी) लावलाय. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं होतं, पण तारीख मिळते आणि आयत्या वेळी रद्द होते. कधी भूलतज्ज्ञ नाहीत, कधी इमर्जन्सी केस आली. मागच्या वेळी तर रात्रीपासून उपाशी ठेवलं आणि दुपारी सिस्टर म्हणाल्या, "आज होणार नाही, घरी न्या." दरम्यान फिटनेसचे रिपोर्ट जुने झाले, आता रक्त आणि ईसीजी पुन्हा करायला सांगितलंय.

डॉक्टरांवर राग नाही, तेही बिचारे दिवसभर उभे असतात. पण पिशवी मांडीला बांधून एसटीने येणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी एक फोन करता येत नाही का? त्यात कॅथेटर जास्त दिवस राहिला की संसर्ग होतो. एकदा थंडी वाजून ताप येऊन गेलाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी याच रुग्णालयाच्या नावावर आहे. ती रद्द करून दुसऱ्या रुग्णालयात नव्याने घेता येते का? रुग्णालयातले योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, नीट सांगत नाहीत. योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार करून कुणाचं काम झालंय का?

शिवाय, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. आमचं वार्षिक उत्पन्न त्यासाठीच्या १,८०,००० रुपयांच्या मर्यादेच्या आत आहे, तहसीलदारांचा दाखलाही आहे. पुण्यात अशा खाटेवर हे ऑपरेशन कुणी करून घेतलं असेल तर आधी कुणाला भेटायचं, ते कृपया सांगा.