मदत हवी आहे: सुईच्या बायोप्सीत ईआर पॉझिटिव्ह, लम्पेक्टॉमीत निगेटिव्ह

पॅथॉलॉजीवाल्यांनी जरा बघाल का? स्तनाच्या गाठींवरच्या अभ्यासात काही नमुने अडलेत. 14 गेजच्या सुईने काढलेल्या तुकड्यात ईआर (पेशींवरचा इस्ट्रोजेन रिसेप्टर) ठळक पॉझिटिव्ह, त्याच गाठीच्या लम्पेक्टॉमीत (ऑपरेशनने काढलेल्या अख्ख्या गाठीत) निगेटिव्ह. मध्ये केमो किंवा हार्मोनच्या गोळ्या दिलेल्या नाहीत.

संशय फॉर्मॅलिनवर, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणावर आहे. नमुना तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि 6 ते 72 तास राहावा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण अख्खी गाठ तशीच डब्यात सोडली की चरबीतून फॉर्मॅलिन फार सावकाश झिरपतं. दुसऱ्या दिवशी कापल्यावर कडेला करडा, घट्ट थर आणि मधोमध लालसर, लिबलिबीत भाग. डब्यावर वेळ लिहिलेली असते ती बहुधा डबा पोचल्याची, गाठ काढल्याची नाही!

तर विचारायचं असं:

आधी शाई लावून 5 मिमीच्या चकत्या पाडायचं काम तुमच्याकडे कोण करतं? आणि चकत्या सुट्या होऊन मार्जिनचा (कापलेल्या कडांचा) घोळ होऊ नये म्हणून काय करता?

ज्या स्लाइडवर शेजारच्या निरोगी नलिकाही रंगत नाहीत, ती निगेटिव्ह न धरता चाचणी बाद समजून सुईच्या ब्लॉकवर पुन्हा करावी, असं माझं मत. पण नलिका रंगल्यात आणि गाठ नाही, तेव्हा? सुईच्या तुकड्यात रंगलेल्या पेशींचा आकडा 1 ते 10 टक्क्यांत असेल तर गाठीतच सरमिसळ असू शकते. विश्लेषणात अशा केसेस वेगळ्या ठेवाव्यात की सुईचाच निकाल धरावा?