मदत हवी आहे : घाटातला पाऊस बघून पंचगंगेच्या पुराचा अंदाज कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी, आमचं घर कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीत आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापूर बघून झालेत. गोठ्यात चार म्हशी आहेत आणि सासऱ्यांचे गुडघे धरलेत, त्यामुळे हलायचं ते उजेडात आणि रस्त्यावर पाणी यायच्या आत.

अडचण अशी की हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट येतो तो बहुतेक वेळा 'घाट भागासाठी'. इथे आमच्याकडे नुसती भुरभुर, कधी चक्क ऊन! २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे 'अति जोरदार', एवढं कळतं. पण घाटातल्या गगनबावड्याला तेवढा पडला की राजाराम बंधाऱ्यावर (पंचगंगेची पातळी मोजतात तिथे) पाणी चढायला साधारण किती तास लागतात? इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. पण आमची वाट त्याच्याही आधी बंद होते.

त्यात राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. ते पाणी आमच्यापर्यंत कधी पोचतं?

घाटातल्या पर्जन्यमापकांचे आकडे तासातासाला कुठे दिसतात का? वळवाच्या विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे, ते बरं चालतं. पुराचं तसं काही असेल तर सांगा. जाणकारांनी, विशेषतः आंबेवाडी-शिरोळकडच्यांनी, तुम्ही जनावरं कितव्या फुटाला हलवता तेही लिहा. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढंच कृपया नको, ते रिक्षावाला रोज ओरडून जातो.