व्हिडिओ समजतो, पण गणित सुटत नाही

प्रश्न : बारावीची मुलं फिजिक्सचे व्हिडिओ मोबाईलवर दुप्पट वेगाने बघतात. "समजलं" म्हणतात, पण रोटेशनल डायनॅमिक्सचं (फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचं) साधं गणितही कोऱ्या कागदावर अडतं. वेग कमी करायला लावावा का?

उत्तर १ : नुसत्या वेगाने भागणार नाही. व्हिडिओत पुढची पायरी आयती मिळते. कुठलं सूत्र लावायचं हे मुलाला ठरवावंच लागत नाही. गणित वाचून झालं की व्हिडिओ थांबवा, ५ मिनिटं स्वतः झटू द्या, मगच पुढे. थिअरी १.२५ वेगाने चालेल, डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) मात्र साध्याच वेगाने, हातात पेन घेऊन.

उत्तर २ : दुसऱ्या दिवशी वही मिटून आठवेल ते लिहायला सांगा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

प्रश्नकर्ता : आणि फोटो काढला की उत्तर देणारी अ‍ॅप्स?

उत्तर १ : आधी स्वतःचं उत्तर पूर्ण लिहायचं, मग अ‍ॅपशी ताडून चुकलेली ओळ शोधायची. रोटेशनच्या गणितात बहुतेकदा आरपीएमचे (मिनिटाला किती फेरे) रेडियन प्रति सेकंद करायला २π/६० ने गुणायचं राहून गेलेलं असतं.