वर्कफ्लो थेट सर्व्हिस म्हणून बाहेर द्यावा का?

कोडकरी
मंडळी, होम लोनच्या सिस्टिमचं डिझाइन चालूय आणि टीममध्ये दोन तट पडलेत. माझं मत असं की अख्खा वर्कफ्लोच (कामाच्या पायऱ्यांचा ठरलेला क्रम) सर्व्हिस म्हणून एक्सपोज करावा, बाकीच्या सिस्टिमनी थेट त्यालाच हाक मारावी. अर्ज, सिबिल, वकिलाचा सर्च रिपोर्ट, प्रॉपर्टीचं व्हॅल्युएशन, मग सँक्शन, हे काही एका रिक्वेस्टमध्ये संपत नाही, आठवडे चालतं, आणि फाइल कुठवर आलीय ते अ‍ॅपवाला, ब्रँचवाला, डीएसए (बँकेला कर्जाची गिऱ्हाइकं आणणारा एजंट) सगळेच विचारणार. सुट्या सर्व्हिसेस दिल्या तर क्रम कुणी सांभाळायचा? प्रत्येक क्लायंट आपापला सांभाळतो आणि एकाच कर्जाचे तीन वेगळे नियम होऊन बसतात.

जुना_डॉटनेट
असहमत. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ३.५ सोबत हेच आलं होतं, वर्कफ्लो फाउंडेशन (वर्कफ्लो चालवणारं इंजिन) आणि डब्ल्यूसीएफ (सर्व्हिस बनवायची सोय) जोडून वर्कफ्लो सर्व्हिसेस, रिसीव्ह अ‍ॅक्टिव्हिटी (बाहेरचा मेसेज घेणारी पायरी) टाकली की वर्कफ्लोच एंडपॉइंट, म्हणजे बाहेरून हाक मारायचा पत्ता. पहिली रिलीज झकास जायची. खरा त्रास दुसऱ्या रिलीजला, कारण डेटाबेसमध्ये अर्धवट थांबलेले इन्स्टन्स (चालू असलेली एकेक फाइल) बदललेल्या डेफिनिशनवर, म्हणजे वर्कफ्लोच्या नव्या आराखड्यावर, उठायचेच नाहीत. जुनी-नवी व्हर्जन शेजारी शेजारी चालवायची नीट सोय यायला २०१२ उजाडलं, ४.५ मध्ये. पुढे डॉट नेट कोअरमध्ये मायक्रोसॉफ्टने वर्कफ्लो फाउंडेशन घेतलंच नाही. ज्यांनी बाहेरचा करारच वर्कफ्लो लिहिलेल्या त्या झॅमल फायलींवर उभा केला होता त्यांनी काय करायचं?

कोडकरी
@जुना_डॉटनेट हा दोष इंजिनला करार बांधल्याचा आहे, कल्पनेचा नाही. क्लायंटला फक्त अर्ज दिसावा. कागद जमा करा, अर्ज मागे घ्या, स्थिती सांगा, बस. कोरिलेशन (आलेला मेसेज कुठल्या फाइलचा ते जुळवणं) अर्ज क्रमांकावर करायचं, इंजिनचा इन्स्टन्स आयडी बाहेर जाताच कामा नये. मग मागचं इंजिन कामुंडा असो नाहीतर टेम्पोरल, अ‍ॅपवाल्याला फरक पडत नाही.

मेघना_ठाणे
मला मधला हा सूत्रधारच नको वाटतो. क्रेडिट टीमला एक छोटी अट बदलायची तर वर्कफ्लो टीमच्या रिलीजची वाट बघा, लीगलला एक पायरी वाढवायची तर परत तेच, आणि दोनेक वर्षांत सगळ्यांचं लॉजिक त्या एकाच जागी साचतं. त्यापेक्षा काफ्कावर (सर्व्हिसेसमध्ये मेसेज पोचवणारी सिस्टिम) इव्हेंट टाका, ‘सर्च रिपोर्ट आला’, ज्याला गरज आहे तो ऐकेल. टीम मोकळ्या राहतात.

सपोर्टचा_माणूस
मेघनाताई, टीम मोकळ्या राहतात हे खरं, पण ग्राहक अडकतो. चार सर्व्हिसेसनी एकमेकांचे इव्हेंट ऐकायचे आणि मधे एक मेसेज गळाला की फाइल कुणाकडे थांबलीय हे सांगणारं कुणीच नसतं, आम्ही रात्री लॉग जुळवत बसतो. आणखी एक गोष्ट. सागा पॅटर्न १९८७ च्या पेपरपासून सांगतो की पुढची पायरी फसली तर आधीच्या पायऱ्यांची भरपाई करा. पण सिबिलची एन्क्वायरी एकदा पडली की पडली, ती उलटवता येत नाही. टाइमआउट झाला म्हणून आंधळेपणाने रिट्राय मारला तर कर्जदाराच्या रिपोर्टवर दोन एन्क्वायरी दिसतात आणि पुढची बँक त्यालाच प्रश्न विचारते. म्हणून ती पायरी कुठल्याही डिझाइनमध्ये आयडेम्पोटंट (कितीदाही मारली तरी परिणाम एकदाच) हवीच, आणि तिचा हिशेब एका जागी हवा. या मुद्द्यावर मी कोडकरींच्या बाजूने.

मेघना_ठाणे
सिबिलचा मुद्दा मान्य. पण म्हणून लीगल आणि व्हॅल्युएशनचे आतले नियमही त्याच वर्कफ्लोत कोंबायचे का? तिथे फक्त क्रम आणि थांबे ठेवा, निर्णय ज्या त्या टीमच्या सर्व्हिसमध्ये राहू द्या.

जुना_डॉटनेट
अर्ज क्रमांकाचा करार मलाही पटला. व्हर्जनचं मात्र अजून कुणी बोललं नाही. टेम्पोरलमध्येही जुनी हिस्टरी (झालेल्या पायऱ्यांची नोंद) नव्या कोडवर रिप्ले होताना पायऱ्या जुळल्या नाहीत की नॉन-डिटरमिनिझमची एरर येतेच. व्हॅल्युएशन पेंडिंग असताना एलटीव्हीचा (प्रॉपर्टीच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं) नियम बदलला, तर ती फाइल जुन्या नियमाने जाणार की नव्या? हे आधी क्रेडिटवाल्यांकडून लेखी घ्या, मग इंजिन निवडा.