मदत हवी आहे: एनिग्माचं मधलं रोटर लागोपाठ दोनदा का फिरतं?

नमस्कार मंडळी, भाचीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही दोघं पायथॉनमध्ये जर्मन आर्मीच्या एनिग्मा मशीनचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्त संदेश बनवायच्या यंत्राचा सिम्युलेटर बनवतोय, तीन रोटरवाला (रोटर म्हणजे २६ अक्षरांचं, आत वायरिंग असलेलं फिरतं चाक; प्रत्येक बटण दाबलं की उजवं चाक एक घर सरकतं). प्लगबोर्ड (अक्षरांच्या जोड्या अदलाबदल करणारा वायरींचा फळा) झाला, रिफ्लेक्टर (रोटरमधून आलेला करंट परत उलट पाठवणारा भाग) झाला, आणि रिफ्लेक्टरमुळे कुठलंच अक्षर स्वतःचं स्वतः होत नाही, ज्याचा पुढे ब्लेचली पार्कवाल्यांना (हे संदेश फोडणाऱ्या ब्रिटिशांना) एवढा फायदा झाला, ते स्क्रीनवर प्रत्यक्ष बघून पोरगी अक्षरशः उड्या मारत होती.

अडलंय ते रोटर फिरण्यात. डावीकडून पहिलं, दुसरं, तिसरं असे रोटर लावलेत आणि सुरुवात एडीयू, म्हणजे डाव्या, मधल्या, उजव्या रोटरवर दिसणारी अक्षरं A, D, U. पुढे एडीव्ही, मग एईडब्ल्यू, इथपर्यंत बरोबर. त्यानंतर माझ्याकडे एईएक्स येतं पण बाकी सगळे सिम्युलेटर बीएफएक्स दाखवतात, म्हणजे मधलं रोटर लागोपाठ दोनदा पुढे सरकतं आणि डावंही हलतं. मी गाडीच्या किलोमीटर मीटरसारखं लिहिलंय, उजव्याचा फेरा झाला की मधलं एक घर पुढे, त्यात हे बसतच नाही. त्यामुळेच म्हणे १७,५७६ ऐवजी १६,९०० वेळा बटण दाबल्यावर चक्र परत सुरुवातीला येतं.

नुसता इफ टाकून उत्तर जुळवता येईल हो, पण भाचीला कारण सांगायचंय. १९३२ मध्ये पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या गणितज्ञाने मुख्यतः गणिताच्या जोरावर रोटरच्या आतली वायरिंग शोधली, तिथे आपण असंच ठोकून द्यायचं हे पटत नाही. आतल्या खाचा आणि खटके नेमके कसे अडकतात कुणी सोप्या मराठीत सांगेल का? हाताने काढलेलं चित्र असेल तर फारच उत्तम.