'विज्ञानकथा', 'भविष्यकथा' की 'जर-तर कथा'?

प्रश्न : नाशिकला आमचा छोटा वाचनगट आहे. पन्नास वर्षांनी घर, लग्न, म्हातारपण कसं असेल यावर प्रत्येकाने एक गोष्ट लिहायची असं ठरलंय. या प्रकाराला म्हणायचं काय? 'विज्ञानकथा' म्हटलं की सगळेजण यंत्रमानव घेऊन येतात.

प्रतिसाद १ : 'भविष्यकथा' म्हणा. सुटसुटीत आहे.

प्रतिसाद २ : 'भविष्य' म्हटलं की आधी पत्रिका आणि रास आठवते. भविष्य सांगणारा 'असं होईल' म्हणतो, भाकीत करणाराही तेच. गोष्ट लिहिणारा मात्र 'असं झालं तर?' एवढंच विचारतो. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात : पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. पण 'संकेतकथा' म्हटलं तर लोक खाणाखुणा शोधत बसतील, म्हणून मी 'जर-तर कथा' म्हणेन. 'जर-तरला काही अर्थ नसतो' असं आपण बोलताना म्हणतो खरं. या लेखनाचा तर सगळा जीवच त्यात आहे.

'विज्ञानकथा' हा शब्द मला प्रिय आहे. २०२१ मध्ये नाशिकलाच झालेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांना मिळालं, तो विज्ञानकथेचाही मान होता. पण तिथला 'जर' विज्ञानातून येतो. तुमचा घरातून येणार आहे.

एकच 'जर' घ्या आणि शेवटपर्यंत न्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ होता. समजा, पुढे घरोघरी एकेकच मूल झालं आणि अशा दोन एकुलत्या मुलांनी लग्न केलं. त्यांच्या बाळाला काका नाही, आत्या नाही, मामा-मावशी नाही. चुलत, मामे, आते, मावस हे शब्द वापरायला माणसंच उरणार नाहीत. अंतरपाटाशी नवरीच्या मागे कोण उभं राहणार? भाऊबीजेला ओवाळायचं कुणाला? निफाडच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर एकच नाव, म्हणजे भाऊबंदकी संपली. पण अवकाळी पावसाच्या रात्री हाक मारली तर धावून येणारा भाऊही नाही. मला तरी हे यंत्रमानवापेक्षा जास्त हलवतं.

प्रश्नकर्ती : पण 'काका' तर आपण रिक्षावाल्यांनाही म्हणतो. मग शब्द राहील आणि नातं जाईल?

प्रतिसाद २ : फार छान मुद्दा काढलात. मला वाटतं, तेव्हा 'मानलेला' हा शब्द मोठा होईल. मानलेला भाऊ, मानलेली आत्या. आज त्याला कागदावर जागा नाही. तुमच्या गोष्टीत ती द्या. नाव लिहायची रीत बदलतेच. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला.

आणि नाशिककरांच्या हाताशी तर एक अस्सल साधन आहे : पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी. तिथे घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं लिहून ठेवलेली असतात. पन्नास वर्षांनंतरचा एखादा सिंहस्थ धरा. एक मुलगी येते आणि मानलेल्या भावाचं नाव आपल्या घराण्यात लिहा म्हणते. उपाध्याय काय म्हणतील, आणि लिहिलंच तर कुणाच्या नावाखाली? तुमच्या गटातल्या कुणीतरी हे लिहावंच.